स्विंग संथ असेल तर गोल्फचा ड्रायव्हर घेताना या चुका टाळा

ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्यासाठीचा क्लब, पारखायला मे महिना वाईट. बडोद्यातली जमीन तेव्हा तापून इतकी टणक होते की ९ अंश लॉफ्टच्या (फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, मागे कलण्याचा कोन) ड्रायव्हरने मारलेला बुटका फटकाही टप्पा पडल्यावर लांब पळतो आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. जुलैत तोच चेंडू पडेल तिथे रुततो. त्यामुळे एकूण अंतराकडे बघू नका, कॅरी मोजा, म्हणजे चेंडू हवेतून गेला तेवढंच अंतर. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या कोर्सवर थंडीत सकाळी दव असतं, तेव्हा चेंडू कुठे टेकला याची खूण दिसते. मोजायला ती वेळ उत्तम.

यार्डांतल्या कॅरीला २.३ ने भागलं की स्विंगचा, म्हणजे क्लब फिरवण्याचा, वेग ताशी मैलांत अंदाजे कळतो. १८५ यार्ड कॅरी म्हणजे साधारण ८० मैल. फेसच्या मध्यावर बसलेलेच फटके धरा आणि सरावाच्या रेंजचे झिजलेले चेंडू वापरू नका, नाहीतर वेग उगाच कमी निघतो. पुढचं सगळं ८५ मैलांच्या खाली असणाऱ्यांसाठी आहे.

लॉफ्टची लाज

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सोबतच्या तरुण खेळाडूकडे ९ अंश आहे म्हणून आपणही ९ घ्यायचा, फार तर १०.५. वेग कमी असला की चेंडू हवेत टिकायला उंची आणि बॅकस्पिन (उलटी फिरकी) दोन्ही लागतात. कमी लॉफ्टवर दोन्ही मिळत नाहीत आणि चेंडू लवकर खाली येतो. ७५ ते ८५ मैलांना १२ अंशांपासून सुरुवात करा; ७५ च्या खाली १३-१४ अंशही चालतात. वरून खाली मारायची सवय असेल तर आणखी एखादा अंश वाढवा. फटका १३ ते १६ अंशांच्या कोनात निघाला पाहिजे.

लॉफ्ट वाढवल्याचा दुसरा फायदा क्वचितच कोणी सांगतं: स्लाइस (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवीकडे वळणारा फटका) कमी वळतो. फेस तेवढाच उघडा (उजवीकडे वळलेला) राहिला तरी बॅकस्पिन जास्त असल्यामुळे चेंडूचा फिरण्याचा अक्ष कमी कलतो. ‘लो स्पिन’ किंवा ‘एलएस’ लिहिलेलं हेड याच कारणासाठी टाळा. ते वेगवान खेळाडूंचा जादा स्पिन कापायला बनवलेलं असतं, आणि तुमच्याकडे कापायला जादा स्पिन नसतो.

‘९ घेऊन स्लीव्ह (हेड आणि दांड्याच्या जोडावरचा फिरवता येणारा तुकडा) फिरवून १०.५ करू’ हा हिशेबही फसवा आहे. स्लीव्हने लॉफ्ट वाढवला आणि क्लब जमिनीवर नुसता टेकवला, तर फेस डावीकडे बंद दिसतो. तो हाताने सरळ धरला तरच लॉफ्ट वाढल्याचा उपयोग. उलट लॉफ्ट कमी केला की फेस उघडतो, म्हणजे स्लाइसवाल्याची आणखी पंचाईत. मुळात १२ अंशांचं हेड घेतलं की ही कसरत उरत नाही.

‘१०के’ बघून भुलणं

फॉरगिव्हिंग हेड म्हणजे चेंडू मध्यापासून सरकून लागला तरी कमी फिरणारं हेड. फिरण्याला होणाऱ्या या विरोधाला एमओआय म्हणतात. नियमांप्रमाणे हेड ४६० घन सेंटिमीटरपर्यंत आणि उभ्या अक्षाभोवतीचा एमओआय ५,९०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटरपर्यंत (वर १०० ची सूट) चालतो. मग ‘१०के’, म्हणजे दहा हजार, कुठून आलं? दोन अक्षांचे आकडे बेरीज करून. आकडा खोटा नाही, पण दुप्पट माफी मिळते असं समजू नका.

शिवाय जास्त एमओआय स्लाइस बरा करत नाही. चेंडू टो (हेडचं बाहेरचं टोक) किंवा हीलवर (दांड्याकडची बाजू) लागल्याचं नुकसान तो कमी करतो, एवढंच. फेस उघडा राहत असेल तर हीलकडे वजन दिलेलं ड्रॉ-बायस हेड बघा, ते फेस बंद व्हायला मदत करतं.

लांबी आणि शाफ्ट

दुकानातला ड्रायव्हर बहुधा ४५.५ इंचांच्या आसपास असतो. लांब शाफ्टने (दांड्याने) एखादा मैल वेग वाढेलही, पण फटका मध्यावर बसला नाही तर कमावलेलं सगळं जातं. आधी काही न कापता एक इंच खाली धरून वीसेक चेंडू मारा. फेसवरच्या चेंडूच्या खुणा (त्या बघायची रीत पुढे आहे) मध्याकडे सरकल्या तरच शाफ्ट कापून घ्या, तोही ग्रिपच्या टोकाकडून. अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड जाणवतं त्याचं माप) साधारण ३ अंकांनी उतरतं. ते परत आणायला हेडला ६ ग्रॅमच्या आसपास लेड टेप (शिशाची चिकटपट्टी) लागते. टेप न लावता दिलेला क्लब हातात हलका लागतो आणि हेड कुठे आहे ते कळेनासं होतं.

शाफ्ट ४० ते ५५ ग्रॅमचा घ्या. क्रिकेट खेळून आलेल्यांना जड बॅटची सवय असते, त्यामुळे ६५ ग्रॅमचा शाफ्ट ‘दमदार’ वाटतो; बाराव्या होलपर्यंत तोच हात ओढू लागतो. फ्लेक्सच्या (शाफ्ट किती लवतो त्याच्या) अक्षरांवर फार विसंबू नका. एका कंपनीचा ‘आर’ (रेग्युलर) दुसरीच्या ‘ए’इतका मऊ असू शकतो, कारण याला सर्वमान्य माप नाही. ८० मैलांना ‘ए’ (सीनियर) आणि ‘आर’ दोन्ही मारून बघा. झेक्सिओसारखे मुळातच हलके बांधलेले ड्रायव्हर याच वर्गासाठी असतात, पण झटका देऊन मारणाऱ्याच्या हातात ते भरकटतात.

घेतला, पण जमत नाही

फेसवर पायाला लावायच्या पावडरचा स्प्रे मारा किंवा टाल्कम पावडरचा पातळ थर द्या. दहा फटक्यांचे ठसे दुकानदारापेक्षा खरं बोलतात. ठसे खाली असतील तर चेंडू कमी उंचीवर निघून जास्त स्पिन घेतो: टी (चेंडू ठेवायची खुंटी) उंच करा, अर्धा चेंडू क्राउनच्या (हेडच्या माथ्याच्या) वर दिसला पाहिजे, आणि चेंडू डाव्या टाचेच्या आत ठेवा (डावखुऱ्यांनी उजव्या). ठसे हीलकडे असतील तर आधी उभं राहण्याचं अंतर बघा, मग लांबी. ठसे मध्यावर असूनही चेंडू बुटका जात असेल तर लॉफ्ट कमी आहे. मध्यावर, उंच, आणि तरी उजवीकडे? मग ड्रॉ-बायस हेड किंवा प्रशिक्षक, यांतलं एक.

जुना घेताना

फेसवर आडवी पट्टी ठेवून बघा. फेसला मुळात थोडा फुगवटा असतो. मधोमध सपाट किंवा खोलगट लागला तर तो गेलेला आहे. हेड कानाजवळ हलवा, आत खडखड नको. स्लीव्हचा स्क्रू टॉर्क रेंचने ‘टिक्’ वाजेपर्यंतच आवळा. मॉडेल आर अँड ए किंवा यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या मान्य यादीत आहे का ते तपासा. ‘हाय सीओआर’ (फेसला मर्यादेपेक्षा जास्त उसळी) म्हणून विकले जाणारे ड्रायव्हर स्पर्धेत चालत नाहीत.

आणि क्लब गाडीच्या डिकीत ठेवायची सवय असेल तर एप्रिल ते जून ती मोडा. बंद गाडीतल्या उष्णतेने हेड चिकटवलेलं इपॉक्सी मऊ पडतं आणि ग्रिपखालची टेप सरकते. मग ग्रिप हातात वळते, फेस उघडतो, आणि दोष मात्र नव्या ड्रायव्हरवर जातो.