परसातल्या कोंबड्यांसाठी घरी पाण्याचं भांडं बनवताय? या चुका टाळा

सकाळी खुराड्याचं दार उघडलं तर परात कोरडी, बादली रिकामी आणि खाली तुसाचा चिखल. रात्री भरलेलं पंधरा लिटर पाणी सगळं वाहून गेलेलं, आणि बारा कोंबड्या रिकाम्या परातीच्या काठावर चोची आपटत उभ्या. माझ्याकडे हे लागोपाठ दोन दिवस झालं. भोक बदललं, परात बदलली, उपयोग शून्य. दोष झाकणात होता. घरगुती भांड्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ असंच हवेत सापडतं: बादलीत हवा कुठून जाते आणि कुठून जायला नको, हे आधी समजून घ्या.

परातीचं भांडं चालतं कसं? बादलीला एक भोक, खाली परात. पाणी परातीत उतरतं, भोक बुडेपर्यंत चढतं आणि थांबतं, कारण आता हवेला आत शिरायला वाट उरत नाही. कोंबड्या पाणी पितात, भोक उघडं पडतं, एक बुडबुडा गुडगुडत वर जातो आणि तेवढंच पाणी खाली येतं. म्हणून भोक परातीच्या काठापेक्षा निदान बोटभर खाली असलंच पाहिजे. ते काठाच्या वर गेलं की परात भरून वाहत राहणार. परात एका बाजूला कललेली असली तरी हेच होतं. खाली सपाट फरशी किंवा दोन सारख्या विटा ठेवा.

माझी चूक अशी झाली की बादली सरळ ठेवली होती. भोक तळाशी, झाकण वर. भरायला सोपी म्हणून बरेच जण हीच पद्धत घेतात. पण यात वरच्या झाकणातून हवेचा कणही आत जाता कामा नये, आणि रबर नसलेलं साधं झाकण तेवढं घट्ट बसतच नाही. चार वेळा उघडलं की आणखी सैल. त्यापेक्षा भोक काठाजवळ पाडा, पाणी भरून झाकण लावा आणि बादली परातीत उपडी करा. झाकणाची फट आता भोकाच्या खाली, पाण्यात बुडलेली राहते. तिथून हवा जाण्याचा प्रश्नच मिटतो. फक्त बादलीच्या बुडाला बारीक चीर नाही ना, एवढं पाहा. आणि पंधरा लिटरची भरलेली बादली उपडी करणं म्हणजे पंधरा किलोची कसरत. पाच-सात लिटरच्या दोन बादल्या बऱ्या. एक बिघडली तर दुसरी असते.

आमच्या सोलापूरकडच्या उन्हाळ्यात आणखी एक प्रकार दिसतो. सकाळी नीट चाललेली परात भर दुपारी अचानक वाहायला लागते. भांडं उन्हात असलं की आतली हवा तापून फुगते आणि पाण्याला बाहेर ढकलते. बादली जितकी रिकामी, तितकं हे जास्त. भोक तपासत बसू नका, भांडं सावलीत हलवा आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. तसंही तापलेलं पाणी कोंबडी टाळते. अंड्यावरची कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, कडक उन्हात ते जवळपास दुप्पट होतं. बारा कोंबड्यांना मे महिन्यात सहा लिटर धरून चाला.

निपल म्हणजे बादलीच्या बुडाला बसवलेली बारीक तोटी; तिची पिन चोचीने हलवली की थेंब पडतो. अशा निपलच्या बादलीचं गणित नेमकं उलटं. तिला हवा हवीच. झाकण घट्ट लावलं की सुरुवातीला थेंब छान पडतात, मग आत पोकळी तयार होते आणि पाणी थांबतं. यात मोठा धोका असा की बादली भरलेली दिसते. शेजारच्या काकूंच्या तलंगा (तरुण कोंबड्या) अंड्यावर आल्या आणि आठवड्यातच अंडी बंद झाली. काकू म्हणाल्या, “भाऊ, पाणी तर भरपूर आहे, बादली परवापासून उतरलेलीसुद्धा नाही!” उतरली नव्हती, हेच तर दुखणं होतं. झाकणाला तापलेल्या खिळ्याने एक भोक पाडलं, डास जाऊ नयेत म्हणून वर जाळी बांधली, आणि खालची पिन बोटाने हलवताच टपटप सुरू झाली. त्या कोंबड्या कशा तुटून पडल्या, ते बघवत नव्हतं. तहानलेली कोंबडी ओरडून सांगत नाही. म्हणून रोज सकाळी प्रत्येक निपलची पिन बोटाने हलवून बघा. एकच निपल पुरेसा वाटला तरी दुसरा लावाच. दांडगी कोंबडी एकट्या निपलवर ठाण मांडते आणि गरीब कोंबडी मागे राहते.

निपल सतत गळत असेल तर तीन गोष्टी बघा. तो उभा सरळ आहे का? भोक पाडताना राहिलेला प्लास्टिकचा कचरा आत अडकलाय का? आणि नळी थेट गच्चीवरच्या टाकीला जोडलीय का? शेवटची चूक फार जण करतात. निपलला एवढा दाब लागत नाही. टाकीचं पाणी आधी फ्लोट (भरलं की पाणी आपोआप बंद करणारा बोंडा) बसवलेल्या लहान बादलीत घ्या, ती निपलपेक्षा फूट-दीड फूट उंच ठेवा. बोअरच्या जड पाण्याने पिन क्षार धरून अडकते. निपल काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवा, मग स्वच्छ धुवा.

भांडं कशाचं आहे, यावर मी अजिबात तडजोड करत नाही. कीटकनाशकाचा कॅन कितीही धुतला तरी नको. रंगाची जुनी बादलीही नको. गोड्या तेलाचा किंवा लोणच्याचा प्लास्टिकचा डबा घ्या. पारदर्शक असेल तर उजेडाने आत हिरवं शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून कापड गुंडाळा. पत्र्याच्या भांड्यात व्हिनेगर किंवा ताक घातलेलं पाणी ठेवू नका, आंबटाने जस्त पाण्यात उतरतं.

परातीचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला हवा. खाली असली की तूस आणि विष्ठा पाण्यात, आणि पाणी तुसात. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू जोर धरतात आणि पिल्लं पटापट जातात. भिजलेलं तूस उलथून टाकू नका, काढूनच टाका. बसायच्या दांडीखाली तर भांडं नकोच. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांच्या परातीत गोटे टाका, नाहीतर एखादं पिल्लू इंचभर पाण्यातही बुडतं.

राणीखेत रोगाची लासोटा लस पाण्यातून द्यायची असेल, तर त्या दिवशी नळाचं क्लोरीनचं पाणी आणि धातूचं भांडं दोन्ही टाळा. क्लोरीनने लस मरते. गूळपाणी किंवा औषध दिल्यानंतर भांडं आतून बोटाने चाचपा. बुळबुळीत लागलं तर नुसतं विसळून भागणार नाही, ब्रशने घासा.

परातीवरून निपलवर जाताना परात एकदम उचलू नका. आठवडाभर दोन्ही ठेवा. चमकणाऱ्या थेंबावर एखादी चौकस कोंबडी चोच मारते, तिचं बघून बाकीच्या शिकतात. शेवटची कोंबडी निपलवर पिताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसली की मगच परात काढा.