गणवेशाचं दुकान बंद करायचंय? आधी खिसे उसवा

नागपूरच्या महाल भागातलं आमचं गणवेशाचं दुकान यंदा मारबतीनंतर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस उलटल्यावर, बंद झालं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते टाकलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून, अठ्ठावीस वर्षं, काउंटरवर होते. का बंद केलं? बऱ्याच शाळा आता आपल्याच आवारात गणवेश विकतात. २०२४ साली सरकारची ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आली, तेव्हा सरकारी शाळांचं काम हातचं गेलं. डिसेंबरात सरकारनं निर्णय फिरवला, पण तुटलेलं गिऱ्हाईक काही फिरलं नाही. आणि मुलाला काउंटरवर बसायचं नाही. झालं, एवढंच. पण इतवारीतल्या नि सक्करदऱ्याच्या दोघातिघांनी विचारलं, “वहिनी, तुम्ही आवरलं कसं जी?” म्हणून हे लिहिते.

आधी महिना ठरवा. साड्यांचं दुकान कधीही बंद करता येतं, गणवेशाचं नाही. सीबीएसईवाल्यांची गर्दी मार्चअखेर सुरू होते. स्टेट बोर्डाच्या शाळा आपल्याकडे उन्हापायी जूनच्या शेवटाला उघडतात, बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा. मग पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला पांढरे शर्ट नि मोजे. आणि दिवाळी झाली की स्वेटर. म्हणजे मोकळी फट पोळा ते दसरा एवढीच. त्या वर्षी स्वेटर भरूच नका. मी ‘थोडेसे’ म्हणून दोन डझन घेतले, ते अजून कपाटावर आहेत.

बातमी फोडण्याआधी उधारी गोळा करा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ‘दुकान बंद होत आहे’ असा कागद चिकटवला की घेणेकरी दुसऱ्याच दिवशी दारात आणि देणेकरी गल्ली बदलून जातात. एका शाळेनं क्रीडादिनाचे टी-शर्ट नेले होते. मागच्या वर्षीपासून ‘पुढच्या आठवड्यात चेक’ सुरू होतं. कागद लागल्यावर तो आठवडा कायमचाच पुढे गेला. तेव्हा आधी पैसे, मग कागद. गांधीबागेतल्या ठोकवाल्यालाही आधी गाठा. न फोडलेले तागे आणि बंद डबे बिलासकट, त्याच आर्थिक वर्षातले असतील तर तो घेतो नि क्रेडिट नोट, म्हणजे तेवढे पैसे आपल्या खात्यात वळते केल्याचा कागद, देतो. बंद होतंय हे कळलं की त्याचा सूर बदलतो. मी त्यालाही दोष देत नाही, धंदा आहे.

आता माल. खरा घोळ इथेच आहे, कारण आपल्या मालाला दुसरं गिऱ्हाईक नसतं. एका शाळेची मरून चौकडी दुसऱ्या शाळेत फुकट दिली तरी चालत नाही. म्हणून ‘५० टक्के सूट’ लावून गणवेश संपत नाही. ज्याला हवा तो आधीच घेतो आणि ज्याला नको त्याला शंभर टक्के सूटही नको.

पांढऱ्या शर्टांपासून सुरुवात करा. पांढरा शर्ट कुठेही चालतो, अडतो तो खिशावरच्या शाळेच्या मोनोग्राममुळे. माझ्याकडे असे ३४० होते. मास्तर, म्हणजे आमचे शिंपी, म्हणाले, खिसे उसवू. ब्लेड वापरू नका, कापड चिरतं. बारीक टोकाची कात्री घ्या नि एक टाका सोडून एक कापत जा, मग दोरा ओढला की खिसा सुटतो. पण खाली सुईच्या भोकांची रांग राहते. कापड सुती असेल तर ओलं करून नखानं आडवं-उभं घासा नि इस्त्री फिरवा, भोकं मिटतात. टेरिकॉटात, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेल्या कापडात, मिटत नाहीत. त्यातून शर्ट दोन-तीन वर्षं पडून असेल तर खिशाखालचा चौकोन पांढराशुभ्र आणि भोवतालचा शर्ट पिवळसर, म्हणजे जिथे काही नाही तिथेच नजर जाते. उपाय एकच: नवा साधा खिसा जुन्यापेक्षा तिन्ही बाजूंनी दोन सूत, म्हणजे पाव इंच, मोठा कापायचा. भोकंही झाकतात, चौकोनही. नगामागे बारा रुपये पडले, म्हणजे ४,०८० रुपये. बुधवार बाजारात बसणाऱ्या एका भाऊनं सगळे नव्वद रुपयांनी उचलले. उसवण्याआधी तोच माणूस तीस म्हणत होता.

नेव्ही ब्लू आणि काळ्या पँटी, ३८ ते ४२ नंबरच्या, दहावी-बारावीतल्या दांडग्या पोट्ट्यांसाठी भरलेल्या, नेहमी उरतात. त्या केटररला विका. वाढपी पोरांना पांढरा शर्ट नि गडद पँटच लागते. तुळशीच्या लग्नानंतर त्यांचा सीझन, खरेदी त्याआधी. मोठ्या नंबरचे पांढरे शर्टही त्याच गाठोड्यात जातात.

मुलींचे चौकडीचे ट्युनिक राहिले. त्या शाळेचं काम आता ज्याच्याकडे आहे त्यालाच फोन करा. मान खाली घालावी लागते, मीही दोन दिवस टाळला. त्यानं चालू साइज कापडाच्या भावात घेतले, शिलाईचा एक पैसा दिला नाही. उरलेल्यांच्या मी डब्याच्या पिशव्या शिवल्या. टाय आणि बेल्ट मात्र वाटूनच टाका, त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

माणसांचं. दहा माणसांखालच्या दुकानाला ग्रॅच्युइटीचा कायदा लागत नाही, आमच्याकडे चार होती. तरी हिशोब कायद्याचाच धरा, भांडण राहत नाही: शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण वर्षं. मास्तरांचा पगार १३,००० आणि वर्षं २२, म्हणजे १,६५,००० होतात. एकदम नव्हते. अर्धे चेकनं दिले, बाकीच्यात शिलाई मशीन, इंटरलॉक आणि कटिंगचं टेबल धरलं. भंगारवाला त्या मशीनचे जे देत होता ते ऐकून मामाजी तस्बिरीतून खाली उतरले असते.

कागदपत्रं थोडक्यात, पण यात चूक महाग पडते. जीएसटी नोंदणी रद्द करायचा अर्ज आरईजी-१६. त्याआधीची सगळी रिटर्न भरलेली हवीत. बंद करायच्या दिवशी माल किती शिल्लक आहे ते नगानिशी लिहा, कारण त्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) किंवा त्याच्या विक्रीवर बसला असता तो कर, जे जास्त ते भरावं लागतं. म्हणूनच म्हणते, माल आधी काढा नि अर्ज मग करा. नोंदणी रद्द झाली की तीन महिन्यांत जीएसटीआर-१०, शेवटचं रिटर्न. हे हमखास विसरतं, नंबरच गेला तर रिटर्न कसलं असं वाटतं. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरणाऱ्या छोट्या दुकानांना, ते लागत नाही. गुमास्त्याला, म्हणजे दुकानाची नोंद असते त्या कार्यालयाला, बंद झाल्याचं तीस दिवसांत कळवायचं, ऑनलाइन होतं. हिशोबाच्या वह्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून सहा वर्षं तरी फेकू नका. विजेचं मीटर सगळ्यात शेवटी काढा; आमच्या घरच्यांनी घाई केली आणि शेवटची मोजदाद आम्ही मोबाइलच्या उजेडात केली.

विक्री थांबली तरी पंधरा दिवस शटर अर्धं उघडं ठेवा, फक्त बदलून द्यायला. गणवेश घेतानाच लोक ‘नाही बसला तर आणतो’ म्हणतात, आणि आपण ‘आणा ना’ म्हटलेलं असतं. चालू साइजचे दोन-दोन नग त्यासाठी बाजूला ठेवा. बाराव्या दिवशी एक बाई २८ नंबरची हाफ पँट घेऊन आल्या. “काहून बंद करता जी? आमच्या लेकराचे अजून चार वर्सं राहिले ना.” ३० नंबर दिला, कमरेत सैल होता, तिथेच दोन टाके घालून दिले. लांबीत दोन इंच दाब आहे, पुढच्या जूनला उसवून घ्या, तेही सांगितलं.

मापांची वही मास्तरांना द्या. त्यात कोणत्या शाळेला कोणती शेड, कापडाचा पन्हा किती, मुलींच्या ट्युनिकला चुण्या किती आणि कोणत्या बाजूला वळलेल्या, सगळं असतं. मास्तर आता घरीच मशीन टाकून बसले आहेत. दुकानाचा मोबाइल नंबर निदान एक जून जाईपर्यंत चालू ठेवा नि येणाऱ्याला त्यांच्याकडे पाठवा. परवाच एकाचा फोन आला. दुकान बंद झालं म्हणून सांगितलं, मास्तरांचा नंबर दिला. तो लिहून घेतला, आणि मग म्हणाला, “बरं वहिनी, ३२ मध्ये नेव्ही ब्लू आहे ना पण?”