गरोदरपणातल्या लाल गोळ्या कशा घ्यायच्या

उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या देताना मी प्रत्येक ताईला आधी विचारते, चहा कधी घेता? चहा, कॉफी किंवा दुधासोबत गोळी घेतली की लोह अंगी लागत नाही. रात्री जेवणानंतर तासाभराने घ्या, लिंबूपाण्यासोबत उत्तम. मळमळही कमी जाणवते. कॅल्शियमची गोळी निदान दोन तासांच्या अंतराने घ्या.

चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर रोज दोन, आणि दर महिन्याला तपासणी. महिन्यात एक ग्रॅमही वाढलं नाही तर लगेच मोठ्या दवाखान्यात दाखवा. 7 च्या खाली गोळ्यांवर विसंबू नका. डॉक्टर शिरेतून लोह देतात. शेवटच्या तीन महिन्यांत 7 च्या खाली, किंवा केव्हाही 5 च्या खाली असेल तर भरतीच व्हायचं. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (रक्ताचे आनुवंशिक आजार) असेल तर आधीच सांगा.

शौचाला काळं होतं, ते लोहामुळेच. घाबरून गोळी सोडू नका. ‘गोळ्यांनी बाळ फार मोठं होतं’ असं घरी कुणी म्हणालं, तर त्या सासूबाईंना माझ्याकडे घेऊन या, मी बोलते त्यांच्याशी.