हबलचा 'पिलर्स ऑफ क्रिएशन' फोटो आपल्या लॅपटॉपवर स्वतः कसा बनवायचा

अवकाशातला कुठलाही भारी फोटो शेअर केला की खाली एक प्रश्न ठरलेला, हे रंग खरे आहेत का फोटोशॉप केलंय? उत्तर नुसतं वाचून अर्धवटच पटतं, एकदा स्वतः फोटो बनवून बघितला की मग नीट डोक्यात बसतं. खर्च काहीच नाही, डेटा फुकट, सॉफ्टवेअर फुकट, लॅपटॉप बऱ्यापैकी चालणारा असला की बास. आपण पिलर्स ऑफ क्रिएशन घेऊ, कारण ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं त्यामुळे आपलं कुठे गंडतंय ते लगेच दिसतं, आणि त्याला फाइल्स तीनच लागतात.

आधी थोडं बॅकग्राउंड. पिलर्स म्हणजे गॅस आणि धुळीचे उंच खांब. हे खांब ईगल नेब्युला या गॅसच्या प्रचंड ढगात आहेत, कॅटलॉगमधलं नाव एम१६, धनु राशीच्या जरा वर, अंतर साधारण साडेसहा हजार प्रकाशवर्षं. (आपल्याकडे हा भाग रात्रभर वर असतो नेमका जून-जुलैत, म्हणजे ढगच बघायचे. एप्रिल-मेच्या पहाटे छोट्या टेलिस्कोपमधून धुरकट डाग दिसतो, खांब शोधू नका, दिसणार नाहीत.) १ एप्रिल १९९५ ला हबल या अवकाश दुर्बिणीने जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन या खगोलशास्त्रज्ञांसाठी हे फोटो काढले. हबलचा कॅमेरा रंग बघतच नाही, तो फक्त किती प्रकाश आला ते मोजतो. समोर फिल्टर लावायचा, एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो घ्यायचा, फिल्टर बदलायचा, परत घ्यायचा.

तर पहिलं काम डाउनलोड. हबलचा सगळा डेटा मास्ट नावाच्या अर्काइव्हमध्ये असतो, पण सुरुवातीलाच तिथे घुसू नका, एकाच ऑब्जेक्टच्या ढीगभर फाइल्स समोर येतात आणि माणूस तिथेच कंटाळतो. त्याऐवजी फिट्स लिबरेटर हे सॉफ्टवेअर शोधा (फिट्स म्हणजे दुर्बिणींच्या फोटोंच्या फाइल्सचा फॉरमॅट), त्याच्यासाठी तयार करून ठेवलेले सरावाचे डेटासेट मिळतात आणि त्यात ईगल नेब्युला आहे. फाइल्सच्या नावात सुरुवातीलाच ५०२, ६५६ आणि ६७३ असे आकडे असतात, ते नॅनोमीटर आहेत, म्हणजे फिल्टरने कुठल्या वेव्हलेंग्थचा प्रकाश आत सोडला ते. ५०२ म्हणजे ऑक्सिजन, ६५६ हायड्रोजन, ६७३ सल्फर. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

आता फिट्स लिबरेटरमध्ये ६५६ वाली फाइल उघडा. बहुतेक स्क्रीन काळी दिसेल, मध्ये चार-दोन ठिपके. घाबरू नका, फाइल बरोबर आहे. कॅमेऱ्याने मोजलेल्या सगळ्यात अंधाऱ्या आणि सगळ्यात उजळ पिक्सेलमध्ये हजारो पटींचा फरक असतो आणि स्क्रीन प्रत्येक रंगाच्या जेमतेम २५६ पायऱ्या दाखवते, त्यामुळे तारे सगळी जागा खाऊन टाकतात आणि गॅस पार तळाशी जाऊन बसतो. तो वर काढायला स्ट्रेच करायचं. लिनिअर सोडून लॉग किंवा आर्कसाइन-एच निवडा, मग काळ्याची आणि पांढऱ्याची मर्यादा हलवत बसा, खांब अचानक वर येतात. अख्ख्या प्रोसेसमधला सगळ्यात मजेचा भाग हाच आहे असं माझं मत, इथे घाई करू नका. फक्त बॅकग्राउंड ठार काळं करू नका, कारण तिथेही पातळ गॅस असतो आणि एकदा का तो कापला की पुढे कितीही डोकं आपटा परत येत नाही. तिन्ही फाइल्सचं असं करून १६ बिट टिफमध्ये सेव्ह करा. ८ बिट केलंत तर नंतर ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसतात.

पुढे जिंप, म्हणजे फोटो एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर. तिन्ही टिफ उघडा, कलर्स मेनूत कंपोनंट्स, त्यात कंपोज, आरजीबी. रेडमध्ये सल्फर, ग्रीनमध्ये हायड्रोजन, ब्लूमध्ये ऑक्सिजन. ओके दाबलं की रंगीत पिलर्स समोर. फोटो उलटा दिसत असेल तर फिट्समध्ये पहिली ओळ खालून मोजतात आणि काही सॉफ्टवेअर वरून, म्हणून तसं होतं, फ्लिप करून टाका.

आता रंगांचा मुद्दा. हायड्रोजनची ६५६ वाली रेषा आणि सल्फरची ६७३ च्या आसपासची, दोन्ही आपल्या डोळ्यांना लालच. खऱ्या रंगात दाखवलं तर दोघांचा एकच लाल चिखल होतो आणि कुठे काय आहे काही कळत नाही. म्हणून सगळ्यात लांब वेव्हलेंग्थला लाल, मधल्या हायड्रोजनला हिरवा, सगळ्यात छोट्या ऑक्सिजनला निळा. क्रम निसर्गाचाच ठेवला, फक्त अंतर ताणलं. त्यामुळे रंग खोटे म्हणणं बरोबर नाही आणि तिथे गेलो तर असंच दिसेल म्हणणंही बरोबर नाही.

या वाटणीचा फायदा असा की फोटो वाचता येतो. ऑक्सिजनच्या अणूचे दोन इलेक्ट्रॉन काढले की तो ५०२ वाल्या फिल्टरमध्ये चमकतो, आणि त्यातला दुसरा काढायला सुमारे ३५ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, एवढी ऊर्जा जवळच्या तरण्या गरम ताऱ्यांचा अतिनील प्रकाशच देतो, म्हणून निळं दिसतं ते मोकळ्या भागात. सल्फरचा पहिला इलेक्ट्रॉन साधारण १० मध्येच सुटतो, हायड्रोजनला १३.६ लागतात, म्हणून सल्फर खांबांच्या कडेला, जिथे प्रकाशातला जोर संपत आलेला असतो आणि दाट थंड गॅस सुरू होतो. खांबांवरून वाफेसारखे धागे निघताना दिसतात ते त्याच अतिनील प्रकाशाने उडत चाललेलं मटेरियल. सगळ्यात उंच खांब चारेक प्रकाशवर्षांचा आहे, म्हणजे आपल्यापासून सगळ्यात जवळच्या ताऱ्यापर्यंतच्या अंतराएवढा.

तुमचा पहिला फोटो हमखास हिरवागार येणार. हायड्रोजन सगळ्यात जास्त आणि तोच हिरव्यात, दुसरं काय होणार. कर्व्ह्ज उघडून ग्रीन थोडा खाली आणा, रेड-ब्लू वर घ्या, हळूहळू ओळखीचा सोनेरी-निळा यायला लागतो. मग तारे जांभळट-गुलाबी होतात, कारण ताऱ्यांचा प्रकाश तिन्ही फिल्टरमध्ये जवळपास सारखा येतो आणि आपण त्यातले दोन वर ढकलले. बरेच जण ताऱ्यांचा रंग काढून टाकतात, मला तसेच ठेवलेले चालतात.

वरच्या कोपऱ्यात जिन्यासारखा काळा तुकडा दिसेल, तो तुमच्यामुळे नाही. त्या कॅमेऱ्यात चार डिटेक्टर होते, त्यातल्या एकाचं मॅग्निफिकेशन जास्त, त्यामुळे त्याचा तुकडा बाकीच्यांशी जुळवताना छोटा होतो आणि कोपरा रिकामा राहतो.

कर्व्ह्ज, लेव्हल्स, जे काही कराल ते अख्ख्या फोटोवर करा. एखादा खांबच ब्रशने उजळ केला किंवा फोटो एआयवाल्या शार्पनिंगमधून फिरवला तर ते चित्र झालं, डेटा नाही, कारण ते टूल डेटात नसलेले धागे स्वतःच रंगवून टाकतं आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही.

हे जमलं की जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीकडे वळा. ऑक्टोबर २०२२ मधला वेबचा पिलर्सचा फोटो इन्फ्रारेडमधला, तिथे डोळ्याला दिसेल असा रंगच जवळपास नाही, म्हणून छोट्या वेव्हलेंग्थला निळा आणि लांबला लाल हाच नियम पुढे चालवलाय. इन्फ्रारेड धुळीतून बऱ्यापैकी आरपार येतो त्यामुळे खांब अर्धपारदर्शक आणि मागे ताऱ्यांचा सडा. त्याचा डेटा मात्र मास्टवरूनच घ्यावा लागतो, फाइल्स खूप मोठ्या, रॅम कमी असेल तर आधी क्रॉप करा. उजळ ताऱ्यांच्या मध्यभागी काळं भोक दिसेल, तिथे डिटेक्टर भरून वाहिला म्हणून आकडाच नसतो, ते हाताने भरतात. आणि हबलच्या ताऱ्यांना चार टोकं तर वेबच्यांना आठ का, तर हबलमध्ये पुढचा छोटा आरसा चार पट्ट्यांवर टांगलाय, वेबची सहा मोठी टोकं षटकोनी आरशांच्या कडांमुळे येतात आणि आडवी दोन छोटी पुढच्या आरशाच्या उभ्या दांडीमुळे. फोटो कुठल्या दुर्बिणीचा ते ओळखायला एवढं पुरतं, कॅप्शन काहीही असो.