‘झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या साइटवर मी ज्युनिअर प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा एमएस प्रोजेक्ट या सॉफ्टवेअरमध्ये केलेला माझा कामांच्या तारखांचा रंगीत बार चार्ट अख्ख्या साइटवर वाचणारा मी एकटाच होतो. मुकादम त्याच्या कोऱ्या बाजूवर लेबरची हजेरी मांडायचे.

याचा फटका अकराव्या मजल्यावर बसला. चार्टमध्ये ‘टॉयलेट प्लंबिंग पूर्ण’ अशी तारीख होती. प्लंबरच्या मुकादमाला फोनवर विचारलं, ‘हो गया?’ तो म्हणाला, ‘हो गया साहब.’ मी टाइलवाल्यांना वर पाठवलं. त्याच्या लेखी ‘झालं’ म्हणजे पाइप भिंतीच्या झिरीत बसले. प्रेशर टेस्ट, म्हणजे पाइपात दाबाने पाणी भरून गळती बघणं, राहिलीच होती, कारण टेस्टचं पाणी त्या मजल्यापर्यंत चढलंच नव्हतं. डॅडो, म्हणजे भिंतीच्या टाइल्स, लागल्यावर टेस्ट झाली आणि चार टॉयलेटच्या टाइल्स फोडाव्या लागल्या. पैसे कोणाच्या बिलातून कापायचे यावरून झालेली भांडणं वेगळीच. विचारण्यात चूक माझीच होती.

पुढे आलेल्या प्रोजेक्ट मॅनेजरनी भिंतीवरचं प्लॅनिंग सुरू केलं. या पद्धतीला ‘लास्ट प्लॅनर’ म्हणतात. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी 1990च्या दशकात ती अमेरिकेत उभी केली. शेवटचा प्लॅनर म्हणजे उद्या कोणत्या खोलीत किती माणसं घालायची हे ठरवणारा. आपल्याकडे तो मुकादम. बॅलार्ड आणि हॉवेल यांनी मोजून पाहिलं तेव्हा आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी साधारण निम्मीच त्या आठवड्यात पुरी होत होती. तिकडेही हेच, म्हणून मला जरा बरं वाटलं.

साइट ऑफिसच्या भिंतीवर ब्राउन पेपर, प्रत्येक ठेक्याला वेगळ्या रंगाची चिठ्ठी. सुरुवात शेवटापासून: टॉयलेटला दार लागलं, त्याआधी काय? प्रत्येकाने एवढंच सांगायचं, की माझं काम सुरू करायला मला आधी काय तयार मिळालं पाहिजे. टाइलवाला म्हणाला, टेस्टच्या कागदावर सही पाहिजे, तोंडी नको. माझ्या चार्टप्रमाणे ब्लॉकवाल्याची चिठ्ठी स्लॅब भरल्यावर चौथ्या दिवशी लागली, तर सेंट्रिंगचा मुकादम हसायलाच लागला. खाली स्लॅबला टेकू दिलेले प्रॉप उभे असताना भिंत बांधणार कुठे? आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला, आधारांमधलं अंतर 4.5 मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबखालचे प्रॉप किमान 7 दिवस ठेवायचे, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. चार्ट करताना आठवलं नाही.

नव्याने येणाऱ्यांनी सॉफ्टवेअर शिकावंच, पण आधी काही महिने फोरमनच्या मागे हिंडावं. मीटिंगला ठेकेदाराला बोलावू नका, त्याच्या मुकादमाला बोलवा. ठेकेदार कशालाही हो म्हणतो. खर्ची, म्हणजे लेबरला खर्चासाठी द्यायची उचल, वाटायच्या दिवशी तर मीटिंग ठेवूच नका. ज्याला लिहिता येत नाही त्याची चिठ्ठी आपण लिहायची, पण वाचून दाखवायची. होळी, ईद, छठ भिंतीवर आधीच मांडा, अर्धं लेबर गावी जातं. घोडबंदरला अवजड गाड्यांच्या बंदीची वेळही मांडा, नाहीतर काँक्रीटच्या गाड्या अडकतात आणि वर पंप नुसता उभा.

सगळ्यात अवघड म्हणजे मुकादमाला ‘नाही’ म्हणू देणं. मी प्लंबरच्या चिठ्ठीवर वरच्या दबावाने ‘सहा टॉयलेट’ लिहिलं. तो म्हणाला, चार लिहा. मॅनेजरनी चारच लिहायला लावलं. त्या आठवड्यात चार झाली. त्याआधी सहा लिहून तीन व्हायची. हिशोबही कडक: दहा कामं कबूल करून सात पुरी झाली तर 70 टक्के, आणि नव्वद टक्के झालेलं काम शून्य. न झालेल्याचं कारण त्याच दिवशी लिहायचं. आमच्या यादीत निम्मी कारणं आमचीच निघाली: ड्रॉइंग उशिरा, मटेरियल लिफ्ट बंद, पाणी नाही.

पाण्याची चिठ्ठी मग माझ्या नावाने लागली. पुढच्या शनिवारी प्लंबरच्या मुकादमाने मलाच गाठलं. ‘साहब, पानी हो गया?’

‘हो गया.’

‘मतलब सोलहवें पे नल से निकलता है?’

मी जिना चढायला लागलो.