कडाक्याच्या थंडीत गिअरबॉक्सला जादा कूलर बसवताय? या चुका टाळा

ऑटोमॅटिक गाडीने जड ट्रेलर ओढायचा तर जादा कूलर हवाच. पण पारा शून्याखाली उतरतो तिथे लोक एकच चूक पुन्हा पुन्हा करतात आणि ती पाहून मी कंटाळलोय. ते रेडिएटर वगळतात आणि गिअर ऑइलचे दोन्ही पाइप थेट नव्या कूलरला जोडतात. काम लवकर उरकतं, म्हणून.

रेडिएटरच्या टाकीत बसवलेला छोटा कूलर गिअर ऑइल नुसतं गार करत नाही. गारठ्यात कूलंटच्या उष्णतेने तोच ते तापवतो. ऑइल साधारण ८० ते ९० अंशांवर नीट काम करतं. गार राहिलं की गिअर उशिरा पडतात, टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारी पकड) लागत नाही आणि इंधन जास्त जळतं.

एका हिवाळ्यात अशीच गाडी आली. आधीच्या गॅरेजने मालकाला गिअरबॉक्स उघडायला सांगितलं होतं. बाहेर उणे २०. अर्धा तास चालवली, लॉकअप लागेचना. कूलंटचा काटा मधोमध, पण गिअरबॉक्सकडे परतणाऱ्या पाइपला हात लावला तर बर्फासारखा गार! लाइन रेडिएटरमधून फिरवली, बाकी कशालाही हात लावला नाही. पुढच्या फेरीत गिअर लोण्यासारखे पडले. नाहीतर धडधाकट गिअरबॉक्स खोलला गेला असता, याचा मला आजही राग येतो.

बहुतेक किटच्या कागदावर आधी रेडिएटर, मग कूलर असा क्रम असतो. उष्ण हवेत तो योग्यच. कडक थंडीत मी आधी कूलर आणि शेवटी रेडिएटर ठेवतो, म्हणजे ऑइल ऊब घेऊनच परततं. उन्हाळ्यातही जड ओझं ओढणार असाल तर क्रम कागदावरचाच ठेवून थर्मोस्टॅटवाला बायपास (ऑइल गार असेपर्यंत ते कूलर वगळून वळवणारा व्हॉल्व्ह) घ्या. तिथे पैसे वाचवू नका.

कूलर प्लेटवालाच घ्या. नळीवाल्यात गारठलेलं घट्ट ऑइल अडतं. पेट्रोलचा पाइप चालत नाही, गिअर ऑइलसाठीचाच हवा. रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून कूलर लटकवणाऱ्यांना मी परत पाठवतो: घासून भोक पडतंच.

पातळी गार ऑइलवर पाहून भरू नका. तापल्यावर ऑइल फुगतं, पातळी वर जाते आणि फेस होतो. पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानालाच पाहा.

काम झालं की मी गाडी रात्रभर बाहेर ठेवतो. सकाळी सुरू करून प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवतो, कारण थंडीत रबर आकसून क्लिपखालून ऑइल झिरपतं. कागद ओला झाला तर गाडी मालकाला देत नाही.