डाउनलोड सुरू होताच पिंग का उडतो आणि तो जागेवर कसा आणायचा

घरात फायबर आहे, स्पीड टेस्टला आकडाही चोख येतो. तरीही कोणी गूगल ड्राइव्हवर लग्नाचे व्हिडिओ चढवायला घेतले, की दुसऱ्या खोलीतल्या मीटिंगचा आवाज तुटायला लागतो आणि गेममधला पिंग (पाठवलेल्या पॅकेटाला, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्याला, उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) १५ वरून ४०० वर जातो. अशा वेळी 'मोठा प्लॅन घ्या' हा सल्ला हमखास मिळतो. पैसे भरण्याआधी थोडं थांबा. लाइन मुळात ठीक असेल, तर दोष बहुधा वेगाचा नसतो. पॅकेटांची जी रांग लागते, तिचा असतो.

प्रत्येक राउटरमध्ये आणि मोडेममध्ये बाहेर जायची पॅकेटं थोडा वेळ थांबवून ठेवायला मेमरी असते, तिला बफर म्हणतात. हा बफर गरजेपेक्षा मोठा असला की गोंधळ होतो. पाठवणाऱ्या कॉम्प्युटरला लाइन भरल्याचं कळतं ते बहुतेकदा पॅकेट गळलं की. बफर मोठा असल्यामुळे काही गळतच नाही, त्यामुळे कॉम्प्युटर पाठवतच राहतो आणि रांग वाढत जाते. गिरणीत लग्नघरची पाच पोती दळायला लागली आहेत आणि त्यांच्यामागे तुमचा ज्वारीचा एक डबा आहे, तशी तुमच्या कॉलच्या इवल्याशा पॅकेटाची गत होते. हिशोब करून बघा: अपलोड १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) आणि बफरमध्ये १ मेगाबाइट माल साचलेला, तर तो रिकामा व्हायलाच ०.८ सेकंद लागतात, म्हणजे पिंगमध्ये ८०० मिलिसेकंदांची भर. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. अमेरिकन प्रोग्रामर जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास ते नाव देऊन हा विषय ऐरणीवर आणला.

आधी मोजा

लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा. वायफायवर मोजलं तर दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळतात. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. पहिलीत पिंग, मग हायफन टी आणि राउटरचा पत्ता द्या. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत तीच कमांड १.१.१.१ या बाहेरच्या, इंटरनेटवरच्या पत्त्यासाठी चालवा. (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.) मिनिटभर शांतपणे बघा. आता एखादी मोठी फाइल अपलोडला लावा आणि आकडे वाचा. मग तेच डाउनलोड लावून करा. अपलोड आणि डाउनलोड वेगवेगळे तपासणं फार महत्त्वाचं आहे. अपलोडची रांग तुंबली की डाउनलोडच्या पोचपावत्याही तिच्यातच अडकतात आणि दोन्ही दिशा मंदावतात.

राउटरचा पिंग १ मिलिसेकंदावरच आहे, पण १.१.१.१ चा ८ वरून ३५० वर गेला, तर निदान झालं: बफरब्लोट. केबलवर सगळं ठीक, पण वायफायवर राउटरचाच पिंग उड्या मारतो, तर दोष वायफायचा. घरात काहीच चालू नसताना, रोज रात्री ९ च्या सुमारास बाहेरचा पिंग वाढत असेल, तर गर्दी ऑपरेटरच्या बाजूला आहे. लोडखाली, म्हणजे लाइन भरलेली असताना, २०-३० मिलिसेकंद वाढले तर माझ्या मते सोडून द्यावं. शंभराच्या वर गेले तर मात्र पुढचे उपाय करा.

फास्ट डॉट कॉमवर टेस्ट संपल्यावर जास्तीची माहिती उघडली, की लोड नसतानाचा आणि लोडखालचा पिंग शेजारीशेजारी दिसतो. केबलची खटपट नको असेल तर निदान एवढं तरी बघा.

फुकटातला उपाय

लाइन नेमकं कोण भरतंय ते शोधा. फोनमधला फोटोंचा बॅकअप, वनड्राइव्ह, गेम उतरवणारं स्टीम, विंडोज अपडेट आणि क्लाउडवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा हे नेहमीचे. कॉम्प्युटरवरच्या गूगल ड्राइव्हमध्ये, वनड्राइव्हमध्ये आणि स्टीममध्ये वेगाला मर्यादा घालता येते. विंडोज अपडेटची मर्यादा 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' खाली मिळते. इथे बिट आणि बाइट यांची गल्लत हमखास होते: १० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२५० किलोबाइट. म्हणून एवढ्या लाइनवर ड्राइव्हला अपलोडची मर्यादा ८०० किलोबाइटच्या आसपास द्या. एकच माणूस, एकच लॅपटॉप असेल तर एवढ्याने काम भागतं.

खरा इलाज: रांग स्वतःच्या हातात घेणं

घरात चार जण आणि दहा उपकरणं असतील, तर प्रत्येकाच्या मागे लागून मर्यादा घालणं शक्य नसतं. मग राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे स्मार्ट क्यू मॅनेजमेंट लावायचं. कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही रांग आटोक्यात ठेवायची पद्धत मांडली. तिच्यावरून एफक्यू-कोडेल आणि केक या पुढच्या पद्धती आल्या. केक २०१८ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच आहे. प्रत्येक जोडणीची वेगळी रांग करायची, लहान पॅकेटांना अडकू द्यायचं नाही आणि रांग फार वेळ रेंगाळली की वेळीच इशारा द्यायचा, हे या पद्धतींचं काम. साध्या राउटरमधला 'क्यूओएस' (क्वालिटी ऑफ सर्व्हिस) पर्याय म्हणजे हेच असं समजू नका. त्यात बऱ्याचदा नुसता प्राधान्यक्रम लावलेला असतो.

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर आधारलेली मोफत प्रणाली) चालणाऱ्या राउटरवर एसक्यूएमचं पॅकेज टाका. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरांवर चालणाऱ्या राउटरओएस ७ मध्येही केक मिळतो. ऑपरेटरचा डबा हे करू देत नसेल, तर तो ब्रिज मोडमध्ये (नुसता मोडेम म्हणून) टाकून त्यामागे तुमचा राउटर लावा. लाइन पीपीपीओईची, म्हणजे लॉगिन करून जोडली जाणारी असेल, तर ब्रिज करण्याआधी ऑपरेटरकडून युजरनेम आणि पासवर्ड मागून घ्या, नाहीतर इंटरनेटच बंद होईल.

आता आकडे. केबलवर सकाळी, दुपारी आणि रात्री वेग मोजा आणि सगळ्यांत कमी आलेला धरा. समजा डाउनलोड ९४ आणि अपलोड ९२ आला, तर दोन्हींच्या ८५ टक्क्यांपासून सुरुवात करा: साधारण ८० आणि ७८. एसक्यूएममध्ये हे आकडे भरा, इंटरफेस वॅनचा (बाहेरच्या लाइनचा) निवडा, रांगेची पद्धत केक ठेवा, ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटवर चढणारे जादा बाइट) ४४ द्या. पुन्हा अपलोड लावून पिंग बघा. सपाट राहिला तर आकडे थोडेथोडे वाढवा, उडायला लागला की एक पायरी मागे या. थोडा वेग सोडावा लागतो, कारण रांग ऑपरेटरच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागायला हवी. डाउनलोडच्या बाबतीत हे जास्त जाणवतं: ती रांग मुळात ऑपरेटरकडे असते, ती तुम्ही फक्त आतून आवळू शकता.

राउटरमधलं फ्लो ऑफलोडिंग (पॅकेटं झटपट पुढे ढकलणारी सोय) बंद करा, नाहीतर पॅकेटं एसक्यूएमला वळसा घालून जातात आणि फरकच दिसत नाही. एसक्यूएमला प्रोसेसरही लागतो. जुन्या स्वस्त राउटरला ३०० एमबीपीएस पेलत नाहीत. वेग लावलेल्या आकड्याच्याही खूप खाली अडकला, तर बहुधा राउटर कमी पडतोय.

दोष वायफायचा निघाला तर ५ गिगाहर्ट्झवर या आणि गेमिंग व मीटिंगची मशीन शक्य तिथे केबलवर ठेवा. ऑपरेटरचा निघाला तर दोन-तीन रात्रींच्या पिंगचे स्क्रीनशॉट वेळेसह जोडून तक्रार करा आणि डॉकेट नंबर घ्या. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

प्लॅन बदलला की एसक्यूएममधले आकडेही बदला. १०० चा प्लॅन ३०० चा केला आणि आत ८० तसाच राहिला, तर पैसे ३०० चे जातील आणि वेग ८० चाच मिळेल.